दर वेळी बरोबर दहानं चुकणारी वजाबाकी

"मॅडम, याला डिस्कॅल्क्युलिया असेल का हो?"

खुर्चीत नीट बसायच्या आधीच आईनं विचारलं. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत, इंग्रजी माध्यमात. आपण त्याला ओम म्हणू. दुसरीपर्यंत गणितात बरा होता, तिसरीत वजाबाकी बिघडली. शिक्षिका म्हणाल्या, लक्ष नाही. घरी रोज संध्याकाळी रडारड. मग आईनं रात्री मोबाइलवर शोधाशोध केली आणि तिला तो शब्द सापडला: डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातलीच मूळची अडचण. हल्ली महिन्याला दोन-तीन पालक तरी हाच शब्द घेऊन येतात.

हा शब्द खोटा नाही. 2016च्या दिव्यांगांच्या कायद्यात अध्ययन अक्षमतेमध्ये तो आहे आणि खरोखर गरज असलेल्या मुलाची रीतसर तपासणी व्हायलाच हवी. पण त्याआधी मी मुलाची वही मागते, आणि आई नेमकी ती घरी विसरलेली असते. ही आई विसरली नव्हती.

वहीत लाल फुल्याच फुल्या. 52 वजा 27, उत्तर 15. 74 वजा 38, उत्तर 26. 63 वजा 28, उत्तर 25. हातच्याची गरज नसलेली गणितं मात्र सगळी बरोबर. जरा वेळ बघत राहिले, तेव्हा लक्षात आलं की चुकलेलं प्रत्येक उत्तर खऱ्या उत्तरापेक्षा बरोबर दहानं कमी आहे. लक्ष नसलेलं मूल असं शिस्तीत चुकत नाही. त्याच्याकडे काहीतरी रीत आहे आणि ती तो इमानेइतबारे पाळतोय.

मी ओमला म्हटलं, "52 वजा 27 कर, पण तोंडानं बोलत बोलत कर."

"दोनातून सात जात नाहीत. मग नेबरकडून बॉरो करायचं. पाचाचे झाले चार, दोनाचे बारा. बारातून सात गेले, पाच." इथं तो थांबला आणि खालच्या दोनाशेजारी बारीक एक काढला. "आता हातचा एक. दोन आणि एक तीन. चारातून तीन गेले, एक. पंधरा."

"हा हातचा कुणी शिकवला?"

"आजोबांनी. आणि बॉरो टीचरनी. आई पण बॉरोच करते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "दोन्ही केलं की कुणी ओरडत नाही."

डिस्कॅल्क्युलियाची धास्ती मी तिथंच निम्मी खाली ठेवली. 48 मोठे की 84, साधारण किती गोट्या असतील, दहा-दहाचे गठ्ठे मोजणं, हे सगळं त्याला सहज जमत होतं. तरी आईला सांगून ठेवलं की दोन महिन्यांत फरक पडला नाही तर तपासणीला पाठवेन.

पुढच्या वेळी आजोबांना बोलावलं. वय 71, हिशेबात पक्के, पावकी-निमकी अजून तोंडपाठ. जरा घुश्शातच आले होते. "आमची पद्धत चुकीची का?"

मुळीच नाही. शाळेच्या पद्धतीत वरच्या संख्येतला एक दशक सोडवून त्याचे दहा एकक करतात. आजोबांच्या पद्धतीत वर दहा एकक वाढवतात आणि फरक बदलू नये म्हणून खालीही एक दशक वाढवतात. दोन्ही पद्धती चोख आहेत. फक्त वरचा दशक कमी करून शिवाय खालचाही वाढवला, तर दहा दोनदा वळते होतात. ओमचं नेमकं तेच होत होतं.

"पण हातचा खाली का मिळवायचा?" मी आजोबांना विचारलं. ते गप्प झाले. गुरुजींनी सांगितलं म्हणून. मग मी म्हटलं, तुमचं वय 71, ओमचं 8, फरक 63. दहा वर्षांनी?

"81 आणि 18," ओमनं आधी सांगितलं.

"फरक?"

आजोबांनी मनात वजाबाकी केली, आणि हसले. "त्रेसष्टच. म्हणजे दोघांना दहा-दहा दिले म्हणून! साठ वर्षं नुसता हातचा धरतोय हो मी."

त्रेसष्ट म्हणताच ओमनं कागदावर 36 लिहिलं होतं. ही आणखी एक अडचण. मराठीत आधी एकक बोलतो, मग दशक, इंग्रजीत उलट. 2019 साली दुसरीच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनाची सोय दिली तेव्हा केवढी टिंगल झाली! मला ती टिंगल तेव्हाही पटली नव्हती. या वयात मुलं इथं खरंच अडखळतात.

ठरलं ते एवढंच. वहीत सहा महिने फक्त शाळेची पद्धत. ती श्रेष्ठ आहे म्हणून नव्हे, फुल्या तिथं पडतात म्हणून. आईनं आधी आठवडाभर वही मिटून ठेवायची आणि काड्यांचे गठ्ठे घ्यायचे. रबर काढून गठ्ठा सोडवला की दशकाचे दहा होताना दिसतात. आजोबांनी वहीला हात लावायचा नाही, पण दुकानात ओमला न्यायचं. 27 रुपयांचं सामान, 50ची नोट, परत किती? तिथं कुणी हातचा धरत नाही. सत्तावीस आणि तीन तीस, तीस आणि वीस पन्नास, तेवीस परत. आणि आकडा सांगताना मराठीबरोबर इंग्रजीतही सांगायचा.

महिन्याभरात दहाची चूक गेली. मधे शून्य आलं की मात्र गाडी अडते. 402 वजा 137 ला ओम शून्याकडे उसनं मागायला जातो आणि हात हलवत परत येतो. त्याला आता 40 दशक एकदमच बघायला शिकवतेय: चाळिसातला एक सोडवला, उरले एकोणचाळीस, वर बारा. कधी जमतं, कधी नाही.

चाचणीत दहापैकी सात आले. दोन शून्यांनी खाल्ले, एक 6चा 9 उतरवल्यामुळे गेला. तपासणीला पाठवलं नाही. परवा आजोबांचा फोन आला होता. "मॅडम, पुढं मोठा भागाकार येतोय म्हणे. आम्ही तो कसा करायचो ते आधीच दाखवून जाऊ का?"