नुसतं खोडणाऱ्याशी वाद कसा घालायचा?

प्रश्न : आमच्या अभ्यासगटात मी 'सगळं नियतीच ठरवते' असं मांडलं. एक मित्र तासभर नुसता खोडत राहिला. त्याचं मत विचारलं तर म्हणाला, 'ते सांगायची मला गरज नाही.' याला वाद म्हणायचं का?
– एक वाचक, कळवा

उत्तर : न्यायसूत्रांत, म्हणजे तर्कशास्त्रावरच्या जुन्या संस्कृत ग्रंथात, चर्चेचे तीन प्रकार आहेत. सत्य शोधायला वाद, जिंकायला जल्प आणि स्वतःचा पक्ष न मांडता नुसतं खंडन करायचं ती वितंडा. तुमचा मित्र तिसऱ्यात बसतो. पण म्हणून त्याचे आक्षेप खोटे ठरत नाहीत हं! उत्तर तुम्हालाच द्यायचंय.

जुनं उदाहरण बघा. 'शब्द नित्य (कधी नष्ट न होणारा) आहे, कारण त्याला स्पर्श नाही.' समोरचा विचारतो, स्पर्श तर ज्ञानालाही नाही, तरी ते येतं-जातंच ना? झालं, हेतू, म्हणजे दिलेलं कारण, डळमळला. हा सव्यभिचार, म्हणजे दोन्हीकडे लागू पडणारं, काहीच सिद्ध न करणारं कारण. आता गडबडून मूळ कारणाला नवी पुरवणी जोडलीत, तर ते हेत्वंतर, म्हणजे 22 निग्रहस्थानांपैकी (वादात हार ठरवणाऱ्या चुकांपैकी) एक.

माझे सर संध्याकाळी ठाण्याच्या तलावपाळीला फेऱ्या मारताना आधी त्यांचाच पक्ष माझ्याकडून वदवून घ्यायचे. 'हो, हेच म्हणायचंय मला' असं ते म्हणेपर्यंत खंडनाला परवानगी नसे. एकदा तिथल्या मासुंदा तलावाभोवती तीन फेऱ्या झाल्या, भेळेचा कागद हातात तसाच, आणि नौपाड्यात घरी पोचेपर्यंत माझा अर्धा विरोध विरघळला होता. पुढच्या बैठकीत नियतीची बाजू त्या मित्राला मांडायला द्या. खोडायला तुम्ही उभे राहा.