विहिरीत निघालेला वर्तुळांचा धोंडा अमोनाइट आहे का?

दादा, फोटो मोठे करून नीट पाहिले. कराडजवळ विहीर खोदताना मुरमात सापडलेला हा गोल धोंडा अमोनाइट नाही. साताऱ्या-सांगलीचा आपला काळा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीवर पसरलेला लाव्हा. अमोनाइट समुद्रातले, माकुळाच्या नात्यातले शंखधारी प्राणी. त्यांचे शंख तळाच्या गाळात गाडले गेले, तिथेच जीवाश्म झाले. तुमच्या धोंड्यात पाणी मुरून दगड बाहेरून आत कुजत गेलाय, म्हणून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेत. एका रेषेवरून काडी फिरवा. फिरून मूळ जागी आली तर ते वर्तुळ. अमोनाइटची रेषा वेटोळे घेत मध्याकडे जाते.

पण तुम्ही जाता जाता आजीच्या देवघरातल्या शाळिग्रामाचं लिहिलंय, आणि मला खरी उत्सुकता त्याची आहे. तुळशीच्या लग्नात आपण ज्याला नवरदेव म्हणून उभा करतो, तो दगड नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून येतो, आणि त्यातलं चक्र म्हणजे बहुतेकदा ज्युरासिक काळातल्या अमोनाइटचा ठसा. त्यातले बरेचसे पेरिस्फिंक्टिडी कुळातले किंवा त्याच्या जवळच्या कुळांतले असतात. हिमालय उभा राहण्याआधी तिथे समुद्र होता.

बॅटरीचा उजेड तिरका पाडून बघा. वेटोळ्यांवर बारीक कंगोरे दिसतील. आतल्या कडेला एकच कंगोरा निघतो आणि बाहेर जाताना त्याला दोन, कधी तीन फाटे फुटतात. या कुळाची ही मोठी खूण. वेटोळी एकमेकांना फारशी झाकत नाहीत, त्यामुळे मधला भाग उघडा दिसतो. मधेमधे शंख आवळल्यासारख्या खाचाही असतात. विकायला कोरलेली चक्रंही असतात, पण खऱ्या शंखात कप्प्यांच्या पडद्यांच्या नागमोडी रेषा असतात. तेवढी नक्षी कोरणं सोपं नाही.

याच कुळाचे जीवाश्म कच्छमध्येही मिळतात. वागेन या भूवैज्ञानिकांनी १८७३ ते १८७५ मध्ये तिथल्या अमोनाइटांचं सविस्तर वर्णन छापलं. गंमत म्हणजे या कुळात एकाच जातीचे नर-मादी आकाराने इतके वेगळे की पूर्वी त्यांना निरनिराळी नावं दिली गेली.

शाळिग्राम घासू नका, त्यावर लिंबू किंवा ॲसिड टाकू नका. एक फोटो बाजूने, एक कडेवरून, शेजारी रुपयाचं नाणं ठेवून टाका. फाटे कुठून फुटतात ते दिसलं, तर कूळ सांगायचा प्रयत्न करतो.