पोरं सगळ्यांची, पाळ्या कोणाच्या?

प्रश्न : आम्ही दोघंही नागपूरच्या मिहानमध्ये नोकरीला. मुलगी आठ वर्षांची. राज्यात इतरत्र शाळा जूनच्या मध्यावर उघडतात, आपल्याकडे विदर्भात उन्हापायी आणखी आठ-पंधरा दिवस सुट्टी. आमच्या फ्लॅट स्कीममधली पाच घरं मिळून सुट्टीत मुलं आळीपाळीनं सांभाळणार आहेत. गेल्या वर्षी दुसऱ्याच आठवड्यात रुसवेफुगवे होऊन सगळं बंद पडलं. यंदा कसं जमवावं? (एक आई, बेसा)

असे रुसवेफुगवे मुलांवरून क्वचित होतात, बहुतेकदा हिशेबावरून होतात. ‘होईल तसं बघू’ म्हणून सुरू केलेली पाळी शेवटी जिचा हॉल मोठा आणि जिला नाही म्हणता येत नाही, अशा एकाच बाईच्या गळ्यात पडते. म्हणून पहिल्या दिवशीच कागद करा.

पाळ्या घरामागे नाही, मुलामागे मोजा. समजा चार घरी एकेक मूल आणि पाचव्या घरी दोन, म्हणजे सहा मुलं. सोमवार ते शनिवार, सकाळी ९ ते १, एका वेळी दोन मोठी माणसं. आठवड्याच्या बारा पाळ्या झाल्या, मुलामागे दोन. एका मुलाच्या घरानं दोन द्यायच्या, दोन मुलांच्या घरानं चार. ज्यांना सकाळी सुट्टी मिळत नाही त्यांनी शनिवार घ्यावा किंवा आजी-आजोबांना उभं करावं. तेही नसेल तर पाळीवरच्या माणसांना डबा पोचवावा, पण डबा म्हणजे अर्धीच पाळी धरा. पूर्ण धरलीत की डबे करायला सगळे पुढे येतील आणि पोरं सांभाळायला कोणी उरणार नाही.

दोन माणसं कशाला, असं कोणीतरी विचारेलच. एखादं मूल पडून डोकं फुटलं, तर एकाला दवाखान्यात पळावं लागतं आणि बाकी पाच पोरांजवळ दुसरं कोणी लागतं. दोघांपैकी एक आजी असतील तर जोडीला पळू शकणारं माणूस हवं. पाच वर्षांखालची मुलं दोनाहून जास्त घेऊ नका. त्यांच्यापासून फुटाणे आणि अख्खे शेंगदाणे लांबच ठेवा, श्वासनलिकेत अडकतात. मोठ्या मुलांच्या खाऊतून ते हमखास खाली सांडतात, म्हणून या सुट्टीत सगळ्यांसाठीच फुटाणे बंद. ज्याचा डबा त्यानं आणायचा. सामाईक खाऊत भांडणंही होतात आणि कोणाला काय चालत नाही ते लक्षातही राहत नाही.

घर रोज बदलू नका. दोनच घरं ठरवा आणि ती नीट तपासा, कारण प्रत्येक नव्या घरात नवे धोके असतात. बाल्कनीतल्या कुंड्या-स्टूल कठड्यापासून लांब सरकवा. फिनाइल, अ‍ॅसिड, डासांची कॉइल वरच्या फळीवर जाऊ द्या. जमिनीतल्या टाकीच्या झाकणाला कुलूप लावा. पण आपल्याकडे सगळ्यांत मोठी भीती कूलरची. पत्र्याची बॉडी, भरून वाहणारं पाणी, ओली फरशी आणि अनवाणी पोरं. शॉकनं जीव गेल्याच्या बातम्या विदर्भात उन्हाळ्यात नव्या नाहीत. प्लग तीन पिनांचाच हवा आणि अर्थिंग खरोखर जोडलेलं आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. ‘आमच्याकडे एमसीबी आहे’ यावर समाधान मानू नका. एमसीबी ओव्हरलोड आणि शॉर्टसर्किट पाहतो. शॉकपासून वाचवायला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळताच वीज तोडणारा स्विच लागतो. पाणी भरायचं ते प्लग काढून, आणि मोठ्या माणसानंच.

दुपारी १२ ते ४ खाली खेळायला सोडायचं नाही, मग कितीही भुणभुण करोत. घरात ओआरएसची पाकिटं ठेवा. मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अख्खं, एकदम. अर्ध्या ग्लासात थोडी पावडर टाकली तर क्षारांचं प्रमाण बिघडतं. चोवीस तासांनी उरलेलं फेकून द्या. अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा गळून गेलंय, असं दिसलं तर सरबत पाजत बसू नका. अंग ओलं करत, वारा घालत थेट दवाखाना गाठा.

फ्रिजवर प्रत्येक मुलाचं एक कार्ड चिकटवा. त्यावर आई-वडिलांचे दोन नंबर, डॉक्टरांचा नंबर, चालू औषध, कशाची अ‍ॅलर्जी आणि न्यायला कोण येऊ शकतं त्यांची नावं. नाव नसलेला मामा आला तर आधी फोन करायचा, मूल ‘मामा, मामा’ करत बिलगलं तरीही. उशिराला पंधरा मिनिटांची सूट ठेवा; तीनदा उशीर झाला की एक जादा पाळी. पहिल्या आठवड्यात दोनच दिवस चालवून बघा आणि रविवारी सगळे समोरासमोर बसा. कुरबुर ग्रुपवर लिहायची नाही, तिथे साधं वाक्यही टोमण्यासारखं वाचलं जातं.

प्रश्न : पूर्वी वाड्यात कोणीही कोणाचाही कान पिळायचं. परवा गच्चीच्या कठड्यावर चढलेल्या शेजारच्या पोट्ट्याला रागावलो, तर त्याचे वडील भांडायला आले. आता बोलूच नये का? (एक आजोबा, महाल)

बोला, आजोबा. जिवाला धोका असेल तिथे कोणाची परवानगी लागत नाही. घात करतं ते पुढचं वाक्य, ‘घरी काही शिकवलं नाही का?’ मूल ते घरी जाऊन जसंच्या तसं सांगतं आणि बाप भांडायला येतो तो त्या वाक्यासाठी. खाली उतरवा, त्याच दिवशी वडिलांना एकट्यात गाठा आणि घडलं तेवढंच सांगा. कान मात्र पिळू नका. वाड्यात ते खपायचं, कारण पिळणारी आजीच संध्याकाळी त्याला वाटीभर पोहे द्यायची. शिवाय जे खपायचं ते सगळंच बरं होतं असंही नाही. कित्येक पोरं मार खाऊन गप्प बसायची. आणि गच्चीच्या दाराला कुलूप लावा, किल्ल्या तीन घरी ठेवा.

प्रश्न : आमच्या गल्लीतली सात वर्षांची मुलगी एका ओळखीच्या माणसाला पाहिलं की घाबरून आमच्या घरात शिरते. एकदा अर्धवट काही सांगितलं, त्यावरून शंका येते. तिच्या घरचे म्हणतात, ‘तुम्ही यात पडू नका.’ (नाव नको)

पडावं लागेल. २०१२च्या पॉक्सो कायद्याचं कलम १९ शेजाऱ्यालाही लागू आहे. मुलाबाबत लैंगिक गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली, तर पोलिसांना कळवायचं असतं. झाल्याचं ठाऊक असून न कळवल्यास कलम २१नुसार सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. प्रामाणिकपणे कळवलं आणि पुढे काही निघालं नाही, तर तुमच्यावर बालंट येत नाही. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी चोवीस तास, मोफत आहे. सुरुवात तिथून करा. धोका आत्ताच असेल तर ११२.

तोवर मुलीला खोदून विचारू नका. ‘त्यानं इथे हात लावला का?’ असं विचारलं की उत्तर आपणच तिच्या तोंडी घालतो. ‘मग काय झालं?’ एवढं विचारा आणि ऐका. ती जे शब्द वापरते तेच तारीख-वेळ घालून लिहून ठेवा. ‘कोणाला सांगणार नाही’ असं वचन देऊ नका, ते मोडावं लागणार आहे. त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका. तो सावध होतो आणि मुलीच्या घरच्यांवर दबाव आणतो. तिचं नाव ग्रुपवर तर अजिबात नको. पीडित मुलाची ओळख उघड करायला कायद्यानं बंदी आहे.

घरच्यांना पोलिस दारात येण्याची भीती वाटत असेल तर त्यांना हे सांगा : जबाब मुलीच्या घरी किंवा ती म्हणेल तिथे घेतात, शक्यतो उपनिरीक्षक दर्जाची महिला अधिकारी घेते, तीही गणवेशाशिवाय. रात्री मुलाला पोलिस ठाण्यात थांबवता येत नाही.

प्रश्न : मानेवाड्याकडच्या एका ले-आउटमध्ये भाड्यानं आलो. कोणाचीच ओळख नाही. मुलगा चार वर्षांचा. ओळखी कशा वाढवाव्यात? (एक बाबा)

दोन दारं उघडी आहेत. एक अंगणवाडी. तिथे तीन ते सहा वर्षांची मुलं घेतात, आणि वस्तीत कोणत्या घरी केवढं मूल आहे हे सेविकाताईंना तोंडपाठ असतं.

दुसरं म्हणजे तान्हा पोळा, लहान मुलांचा पोळा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलाच्या हाती लाकडी नंदी द्या आणि ले-आउटमधली दहा-बारा घरं पायी फिरा. बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, मागायला आलेल्या पोराला कोणी दारातून परत पाठवत नाही. नंदी वीतभर पुरे. सजावटीच्या स्पर्धेतले माणसाएवढे नंदी बाप ओढतात, पोरं नुसती मागे चालतात. फिरताना स्वतः मोबाइलमध्ये डोकं घालू नका. कोणी आत बोलावलं, कोणी पोराला नाव विचारलं, कोणाच्या दारात लहान चपला होत्या, हे बघून ठेवा. चार दिवसांनी त्यांतल्या दोन घरी पुन्हा जा, या वेळी त्यांच्या पोराला तुमच्याकडे खेळायला बोलवायला.