क्वार्टरबॅकचा करार आणि कॅपचं गणित

प्रश्न : एनएफएल या अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगमध्ये क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूला, वर्षाला पाच-सहा कोटी डॉलर दिले की संघाचं भविष्य गहाण पडतं म्हणतात. खरं का?

उत्तर : रकमेपेक्षा करार कसा बांधलाय ते बघा. २०२४ साली प्रत्येक संघाची वेतनमर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, २५.५४ कोटी डॉलर होती. त्यातले पाच कोटी एकालाच गेले, तर ५३ जणांच्या संघातल्या बाकी ५२ जणांत उरलेलं वाटायचं. कात्री बहुधा मधल्या फळीच्या अनुभवी खेळाडूंवर चालते.

खरी मेख साइनिंग बोनसमध्ये, म्हणजे करारावर सही करताना मिळणाऱ्या रकमेत आहे. पैसे लगेच हातात पडतात, पण कॅपवर ते जास्तीत जास्त पाच वर्षांत विभागता येतात. समजा बोनस ५ कोटींचा. दरवर्षी १ कोटी मोजला जाईल. दोन वर्षांनी खेळाडूला काढलंत, तर उरलेले ३ कोटी एकदम अंगावर येतात. यालाच ‘डेड मनी’ म्हणतात. १ जूननंतर काढल्यास यंदा १ आणि पुढच्या वर्षी २. ओझं तेवढंच, फक्त हप्ते पडतात. डेन्व्हर संघाने २०२४ मध्ये क्वार्टरबॅक रसेल विल्सनला सोडलं, तेव्हा असे सुमारे ८.५ कोटी डॉलर दोन हंगामांवर पडले.

उलट क्वार्टरबॅक पॅट्रिक माहोम्सशी कॅन्सस सिटी संघाने २०२० मध्ये दहा वर्षांची, ४५ कोटींची मुदतवाढ केली आणि त्यानंतरही दोन सुपर बोल, म्हणजे लीगचे अंतिम सामने, जिंकले. लांब मुदतीमुळे बोनस पुढे सरकवायला जागा राहते. आमच्या मते घातक ठरतो तो मध्यम कुवतीच्या क्वार्टरबॅकला ‘दुसरा मिळणार कुठे’ या धास्तीने दिलेला अव्वल भाव.