"आईला आम्ही नुसतं राबवून घेतलं का?"

आई गेल्यावर काही महिन्यांनी जे समुपदेशनाला येतात त्यातले बरेच जण दुःखापेक्षा हा प्रश्न घेऊन येतात, निदान माझ्याकडे ठाण्यात तरी. त्यातही नोकरी करणाऱ्या मुली जास्त, ज्यांची पोरं आजीने वाढवली.

ऐरोलीच्या एका ताईंचं सांगते (ओळख पटेल असं सगळं बदललंय). आई किसननगरची, नवरा लवकर गेला, वागळे इस्टेटला औषधाच्या कंपनीत पॅकिंगला नोकरी करून दोन पोरं शिकवली, वर संध्याकाळी लोकांना पोळ्या लाटून द्यायची. रिटायर झाली आणि लगेच नात झाली, मग काय, रोज सकाळी ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकल पकडून ऐरोली, मुलगी ऑफिसातून आली की परत, पुढे गुडघे गेले तेव्हा मुलीकडेच राहायला आली पण सकाळचे डबे तिच्याकडेच. झोपेत गेली. दहाव्याला कावळा शिवेना, सगळे उन्हात ताटकळले, शेवटी दर्भाचा कावळा करून उरकलं आणि एक मावशी तिथेच बोलून गेल्या, "बिचारीला कधी बसून खाता आलं नाही, इच्छा राहिली असणार." झालं. तेव्हापासून ताईंना झोप नाही, ओट्यापाशी उभं राहिलं की रडू, मुलीवर चिडचिड.

कावळ्यावर मी वाद घालत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. मावशींना मात्र दोन शब्द सुनवावेसे वाटले खरे.

ताईंनी मला विचारलं, "मॅडम, मी कितव्या स्टेजला आहे?" व्हॉट्सअ‍ॅपवर त्या दुःखाच्या पाच स्टेजेस फिरत असतात ना, नाकारणं, राग, सौदेबाजी, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. मानसोपचारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये मांडल्या, पण त्या मुळात स्वतः मरणाच्या दारात असलेल्या पेशंटशी बोलून, मागे राहिलेल्यांनी त्या पायऱ्या ओळीने चढायच्या असं काही नाही. म्हटलं ते सोडा, आईबद्दल सांगा, फक्त कष्टाचं काही सांगायचं नाही.

ताई अडकल्या. "ती कधी बसायचीच नाही..." परत कष्टच. "स्वतःला साडी घेतली नाही कधी." परत तेच. गोची इथेच होते, श्रद्धांजलीच्या बॅनरवर लिहितो तेवढीच बाई आपल्याला आठवायला लागते आणि मग तिच्यापुढे आपण कायम गुन्हेगार. म्हटलं मुलीला विचारा, पॅकिंगमधल्या कोणी मैत्रीण असतील त्यांना भेटा, आणि मग या.

पुढच्या वेळी आल्या त्या बोलतच. मुलगी म्हणे आजी पाच-तीन-दोन खेळताना सर्रास चीटिंग करायची, हुकमाचं पान मांडीखाली, पकडलं तर वर भांडायची. क्लासहून येताना दोघी ठाणे स्टेशनजवळ कुंजविहारचा वडापाव खायच्या, आईला सांगायचं नाही ही अट, आणि घरी येऊन आजी साळसूदपणे "आज भूकच नाही गं". मैत्रिणीने सांगितलं की जेवणाच्या सुट्टीत ती सुपरवायझरची अशी नक्कल करायची की डबा घशात अडकायचा, आणि हात इतका बसलेला की स्ट्रिप्सचा गठ्ठा उचलला की दहा आहेत की नऊ ते न मोजता सांगायची, पैज लावून चहा जिंकायची. ताई हसत होत्या आणि थोड्या रागावल्याही होत्या, हे मला का नाही माहीत म्हणून! मला तो राग फार बरा वाटला, रागवायला समोर माणूस लागतं.

गेलेल्या माणसाशी नातं तोडून पुढे जायचं असा सल्ला पूर्वी सर्रास दिला जायचा. १९९६ मध्ये शोकाचे अभ्यासक डेनिस क्लास आणि सहकाऱ्यांनी मांडलं की नातं संपत नाही, बदलतं, आणि ते चालू राहणं नॉर्मल आहे. ताईंचं तेच चाललेलं, आईची नव्याने ओळख.

पण म्हणून सगळं गिल्ट खोटं होतं असं मी म्हटलं नाही. "अगं तिला आवडायचं म्हणून करायची" ही समजूत मी काढत नाही, समोरच्याला कळतं की हे अर्धंच खरं आहे. आईला मे महिनाभर संगमेश्वरला माहेरी जायचं होतं, लेकीला सुट्टी मिळेना म्हणून ते पुढच्या वर्षावर गेलं आणि राहिलं. हे खरंच राहिलं. त्याचं वाईट वाटणारच, वाटू द्या म्हटलं, पण या एका मे महिन्यावरून अख्ख्या आयुष्याचा निकाल लावू नका.

ताईंची झोप हळूहळू लागली, रडू येतं अजून, ते चालायचंच. पण वर्ष उलटून गेलं तरी रोज तितकीच ओढ, कामावर जाता येत नाही, खाणंपिणं सुटलंय, असं असेल तर ते वेगळं, त्याला प्रदीर्घ शोकाचा विकार म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. "आईकडेच जावंसं वाटतं" असे विचार यायला लागले तर वर्षाची वाट बघायचीच नाही, १४४१६ ही सरकारची टेलि-मानस हेल्पलाइन दिवसरात्र चालू असते, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.