कार्बन डॉट ‘प्रतिदीप्त’ की ‘स्फुरदीप्त’?

यावल तालुक्यातल्या एका शाळेच्या शिक्षिकेने विचारले आहे: विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर मुलांनी ‘केळीच्या सालीपासून स्फुरदीप्त कार्बन डॉट’ (कार्बन डॉट म्हणजे अतिनील दिव्याखाली उजळणारे कार्बनचे अतिसूक्ष्म कण) असे लिहिले आहे, ते बरोबर आहे का? की सरळ ‘चमकणारे’ लिहावे?

ताई, ‘प्रतिदीप्त’ लिहा. अतिनील दिवा असेपर्यंतच उजेड देणारा पदार्थ प्रतिदीप्त, आणि दिवा विझल्यावरही उजेड देत राहणारा स्फुरदीप्त. दिवा विझला की पाण्यातल्या कार्बन डॉटचा उजेड काही नॅनोसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या काही अब्जांश भागांत, संपतो. तोच डॉट पॉलिव्हिनाइल अल्कोहोल या पॉलिमरच्या कोरड्या फिल्ममध्ये पक्का अडकवला, तर काही वेळा दिवा विझल्यावरही क्षणभर उजळतो. तेवढ्यापुरता ‘स्फुरदीप्त’ योग्य.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. केळी-कपाशीला ‘नत्र, स्फुरद, पालाश’ देणाऱ्या माणसाला ‘स्फुरदीप्त’ वाचून त्यात स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, आहे असेच वाटणार. स्फुरदीप्तीसाठी स्फुरद लागत नाही. उलट पांढऱ्या फॉस्फरसचा उजेड हवेशी होणाऱ्या रासायनिक क्रियेतून येतो, तो स्फुरदीप्तीच नव्हे. शिवाय मुद्दाम फॉस्फरस घालून केलेले कार्बन डॉटही असतात. त्यांना ‘स्फुरदयुक्त’ म्हणा, म्हणजे घोटाळा टळेल.

‘चमकणारे’ मात्र नको. चमकते ते भांडे, दुसऱ्याचा उजेड परतवून. डॉट अतिनील किरण गिळतो आणि जास्त तरंगलांबीचा, बहुधा निळा किंवा हिरवा प्रकाश स्वतः सोडतो. ‘कार्बन डॉट’ हे नाव तसेच ठेवा. ‘बिंदू’ म्हटले की १० नॅनोमीटरहून लहान कण डोळ्यासमोर येत नाही, शाईचा ठिपका येतो. २००४ साली कार्बनच्या नॅनोनळ्या (अतिसूक्ष्म नळ्या) शुद्ध करताना हे कण अचानक हाती लागले आणि २००६ पासून हे नाव रूढ झाले.

आता शब्द खरा ठरवायचा तर प्रयोग नीट हवा. साल धुऊन, वाळवून, पाण्यासह आत टेफ्लॉनचे भांडे असलेल्या ऑटोक्लेव्हमध्ये (दाब सोसणाऱ्या बंद पात्रात) १५०–२०० अंश सेल्सिअसला काही तास ठेवतात. भांडे दोन-तृतीयांशापेक्षा जास्त भरू नये आणि पूर्ण गार झाल्याशिवाय उघडू नये. हे काम महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतच करावे. घरचा कुकर सुमारे १२० अंशांपुढे जात नाही, त्यावर जोर करू नका. नंतर ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून डायलिसिस करतात, म्हणजे सूक्ष्म छिद्रांच्या पडद्यातून लहान रेणू बाहेर जाऊ देतात, नाहीतर उजळणारा लहान रेणूच डॉट म्हणून मोजला जातो. सायट्रिक आम्ल आणि एथिलीनडायअमाइन या रसायनांपासून डॉट करण्याच्या पद्धतीत तर हा धोका ठळक आहे.

मुले फसतात ती दिव्यापाशी. दाट तपकिरी द्रावण मंद दिसते, कारण ते स्वतःचाच प्रकाश शोषते; चहाचा रंग जाऊन फिकट पिवळे होईपर्यंत पाणी घाला. ३९५ नॅनोमीटरच्या स्वस्त टॉर्चचा जांभळा उजेड डॉटचा समजला जातो, म्हणून ३६५चा दिवा घ्या. खाली पांढरा कागद ठेवू नका, त्यातले उजळद्रव्य स्वतःच निळे उजळते. शेजारी नुसत्या पाण्याची बाटली ठेवा. सुकवलेली पूड उजळली नाही तर घाबरू नका: कण एकमेकांना चिकटले की प्रतिदीप्ती विझते. म्हणून एलईडी किंवा सुरक्षा-शाईसाठी डॉट स्टार्च किंवा पॉलिमरमध्ये पसरवून वापरतात.

आणि फेरिक लोहाचे थेंब टाकल्यावर उजेड मंदावला तर त्याला ‘विझवणे’ म्हणा. ‘शमन’ हा शब्द पाठ्यपुस्तकी आहे, पण चूक नाही.