राणीचा व्यभिचार आणि राजद्रोहाचे कलम

प्रश्न : इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याने राणी अ‍ॅन बोलीन हिला व्यभिचाराबद्दल मृत्युदंड दिला, असे वाचले. परंतु शिरच्छेदाच्या आधीच त्यांचा विवाह रद्दबातल ठरवला होता, असेही कळते. ती पत्नीच नव्हती, तर व्यभिचार कसला?

उत्तर : आपली शंका रास्त आहे. त्या काळच्या इंग्लंडमध्ये व्यभिचाराचा निवाडा धर्मन्यायालये करीत आणि त्यासाठी देहान्त शासन नव्हते. १३५१ च्या कायद्याने राजाच्या पत्नीशी संबंध ठेवणे हा राजद्रोह ठरवला होता खरा, कारण त्यातून गादीच्या वारसाविषयीच संशय उत्पन्न होई. मात्र त्याची शब्दरचना पुरुषाच्या कृत्याबद्दल होती, राणीने संमती दिल्यास तिचे काय करावे हे त्यात नव्हते. म्हणूनच अ‍ॅनच्या आरोपपत्रात प्रियकरांशी संगनमत करून राजाच्या मृत्यूचा कट रचल्याचाही आरोप घातला गेला. हा आरोप विवाह वैध असण्यावर अवलंबून नव्हता, आणि राजाचा मृत्यू चिंतणे हा तर उघड राजद्रोह होता. तिच्याबरोबर गोवलेल्या पाच पुरुषांपैकी एकट्या मार्क स्मीटन या वादकाने गुन्हा कबूल केला होता. १५ मे १५३६ रोजी उमरावांच्या न्यायासनाने तिला दोषी ठरवले. अध्यक्षस्थानी होता तिचा सख्खा मामा, नॉरफोकचा ड्यूक! १७ मे रोजी विवाह रद्द झाला तो तिची कन्या एलिझाबेथ हिचा वारसाहक्क काढून घेण्यासाठी, आणि १९ मे रोजी अ‍ॅनचा शिरच्छेद झाला.

पाचवी राणी कॅथरीन हॉवर्ड ही त्याच ड्यूकची पुतणी. तिच्यावर खटलाही चालला नाही. १५४२ मध्ये संसदेने थेट कायदा करून तिला दोषी ठरवले. विवाहापूर्वी शरीरसंबंध आलेल्या स्त्रीने ते न सांगता राजाशी लग्न करणे हाही राजद्रोह, अशी तरतूद त्याच कायद्यात आहे. माझ्या मते, हे कलम स्त्रीच्या शीलापेक्षा गादीच्या आणि राजाच्या प्रतिष्ठेच्या काळजीतून आले होते.

राजाला स्वतःला असे कोणतेही कलम लागू नव्हते. विवाहबाह्य संबंधातून १५१९ मध्ये जन्मलेल्या आपल्या मुलाला, हेन्री फिट्झरॉय याला, त्याने १५२५ मध्ये रिचमंडचा ड्यूक केले होते. अ‍ॅनचा शिरच्छेद पाहायला जमलेल्या सरदारांत हा मुलगाही उपस्थित होता.